कांद्याचं मूळ आणि घरची सरकी

पहाटे साडेपाचला उठलं की आधी खिडकीतले ग्लास बघायचे. काठोकाठ पाणी, वर एकेक कांदा, जुनी मुळं खरवडून बसवलेला. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. हिवाळ्यात जरा उशीर लागतो.

आठला प्रयोगशाळा उघडतो. कांद्याच्या मुळात पेशींचं विभाजन सकाळी जोरात असतं, म्हणून टोकं याच वेळी कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात टाकतो. पेशी असेल त्या अवस्थेत थांबते. ही उद्यासाठी. आजच्या प्रॅक्टिकलला कालची.

साडेदहाला मेहकरकडची एसटी आली की अकरावीची मुलं गोळा होतात. इथल्या आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाची लगबग सुरू झाली की यांतली बरीच पुरी-वांग्याच्या भाजीच्या वाढपाला जातात, त्यामुळे पेशीविभाजन त्याआधीच उरकावं लागतं.

वॉचग्लासमध्ये अ‍ॅसिटोकार्मिन, त्यात थेंबभर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि स्पिरिटच्या दिव्यावर नुसती ऊब. उकळलं की गेलं. स्लाइडवर टोकाचे दोनेक मिलिमीटरच घ्यायचे. घाईत पोरं वरचा भाग घेतात. तिथं विभाजन नसतंच, मग नुसत्या लांबट पेशी बघत बसतात. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ दाबायचं. अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात.

“सर, मधोमध लागलीत!”

मग सगळ्यांना त्याच मायक्रोस्कोपवर आळीपाळीनं बोलावतो. पेशीच्या मध्यावर जमलेली गुणसूत्रं. शेजारच्या पेशीत ती दोन टोकांकडे निघालेली, दोन्हीकडे 16-16. आकृती तोंडपाठ असलेली मुलगीही इथून डोळा काढत नाही. वेळ अपुरा पडला तर मी दुसरं काहीही गाळीन, हे प्रॅक्टिकल नाही.

दुपारी बारावीला मेंडेल. वाटाण्यापाठोपाठ फळ्यावर कपाशी येतेच.

चारला एका विद्यार्थ्याचे वडील फी भरायला आले होते. जाता जाता म्हणाले, “सर, घरच्या सरकीतलंच बी ठेवलं तं काय होते? पाकीट लय महाग पडते.”

त्यांना खुर्ची दिली आणि मुलालाच सांगायला लावलं. संकरित बियाण्याचे आई-बाप वेगळे, म्हणून पहिली पिढी एकसारखी येते. त्या झाडाच्या सरकीत मात्र गुण फुटतात. कुठं उंच, कुठं ठेंगणं, बोंडंही सारखी नाहीत. कपाशीत घातलेला बीटीचा जीन मुळात बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचा. जालन्याच्या महिकोच्या अशा संकरित कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. हा जीन बहुधा एकाच पालकाकडून आलेला असतो, म्हणून घरच्या बियातलं साधारण चारातलं एक झाड त्याच्याविना उगवतं.

“अन् सोयाबीन?”

“सोयाबीनचं ठेवा भाऊ. सरळ वाण आहे, फूल स्वतःच्याच परागानं फळतं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा. सत्तर उगवले तर बी चांगलं.”

मुलगा हे वहीत लिहून घेत होता. वडील त्याच्याकडे बघत होते.

रात्री नऊला जर्नल तपासतो. एकीनं पेन्सिलीनं विचारलंय: कपाशीत गुणसूत्रं 52, माणसात 46, असं कसं? उद्याचा पहिला तास यावरच. देशी कपाशीत 26 असतात, अमेरिकन कपाशीत दोन वेगळ्या पूर्वजांची 26-26 एकत्र आलीत. तिला आधी कांद्याची 16 आणि सोयाबीनची 40 शेजारी मांडायला सांगेन, आकड्यावरून काही ठरतं का ते तिनंच बघावं.