ईदीतून आलेलं कासव : हौस एका दिवसाची, जबाबदारी तीस वर्षांची

ईद झाली की मुलांच्या हातात ईदीचे पैसे असतात आणि पावलं माशांच्या दुकानाकडे वळतात. तिथे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं कासव मिळतं. दुकानदार प्लॅस्टिकचा डबा आणि सुक्या कोळंबीची पुडी देतो. म्हणतो, "रोज दोन दाणे टाका, बाकी काही लागत नाही." काही महिन्यांनी तीच मुलं शाळेत आम्हाला सांगतात, "टीचर, कासव खातच नाही, डोळे पण उघडत नाही."

बहुतेक वेळा या कासवाला बाहेरून कुठला रोग लागलेला नसतो. तो डबा आणि ती पुडी हाच त्याचा आजार असतो.

हे कासव मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. रेड-इअर्ड स्लायडर हे त्याचं नाव. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं आणि मादी जवळजवळ फूटभर लांब होते. म्हणजे आज आणलेलं कासव मुलाच्या लग्नापर्यंत घरात राहू शकतं, हे धरूनच विचार करायला हवा.

ऊन आणि ऊब

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार होत नाही. ती बाहेरून मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. म्हणून पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन अंग सुकवता येईल असा दगड किंवा फळी हवीच. तिथलं तापमान ३० ते ३५ अंश आणि पाण्याचं २४ ते २८ अंश सेल्सिअस असावं. कोकणात याची फारशी अडचण येत नाही, पण नाशिक, औरंगाबादकडच्या थंडीत पाणी गार पडतं आणि कासव खाणं सोडतं. अशा वेळी पाण्याचा हीटर लागतो.

दुसरी गरज उन्हाची. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळेच कॅल्शियम हाडांत व कवचात उतरतं. ऊन नसेल तर कवच मऊ पडतं, वाकडं वाढतं. इथे एक मोठा गैरसमज आहे : खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. रोज सकाळी वीस-तीस मिनिटं गच्चीत किंवा गॅलरीत थेट ऊन द्यावं. टब अर्धा सावलीत ठेवावा, नाहीतर उथळ पाणी तापून कासव मरतं. कावळे आणि मांजरांकडेही लक्ष ठेवावं. ऊन मिळत नसेल तर यूव्हीबी दिवा लावावा लागतो. तो दिसायला चालू असला तरी त्याचे किरण कमी होत जातात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

पाणी आणि खाणं

हे कासव पाण्यातच खातं आणि त्याच पाण्यात घाण करतं. त्यामुळे फिल्टर हवा आणि पाणी नियमित बदलायला हवं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच घालावं. टाकीचा ढोबळ हिशेब असा : कवचाच्या प्रत्येक इंचामागे चाळीस लिटर. चार इंचांच्या कासवाला दीडशे लिटरच्या पुढे टाकी लागते. छोट्या डब्यात ते कसंबसं जिवंत राहतं, इतकंच.

नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं. डोळे सुजण्याचं हे नेहमीचं कारण. कासवांचं तयार खाद्य मुख्य ठेवावं. सोबत शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा द्यावा. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात टाकला की कॅल्शियम मिळतं. पिल्लाला रोज, मोठ्या कासवाला एक दिवसाआड खायला द्यावं. दूध, ब्रेड, भात अजिबात नाही.

नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून श्वास घेणं, एका बाजूला कलून तरंगणं, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावं. घरचं औषध देऊ नये. कुत्र्या-गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं.

घरच्यांची काळजी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब आणि ताप येतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बहिणी आणि घरातले वृद्ध यांनी कासव हाताळू नये. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. कासवाला हात लावल्यावर नुसता वजू पुरत नाही, आधी साबणाने हात धुवावेत.

कायदा आणि अमानत

पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेलं स्टार कासव आणि आपल्या तळ्या-नद्यांतली देशी कासवं घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. इग्वाना, बॉल पायथॉन अशा परदेशी प्राण्यांचीही सरकारी नोंदणी करावी लागते. 'कासव ठेवलं की घरात पैसा येतो' असं कुणी सांगून ते गळ्यात मारत असेल तर बरकत देणारा अल्लाह आहे, कासव नव्हे, हे मुलांनाही सांगावं.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली. प्राणी पाळण्याची मुभा उलेमा या हदीसवरून सांगतात. पण मांजर कोंडून तिला उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाला, हेही हदीसमध्ये आहे. मुभा आणि जबाबदारी सोबतच येतात.

सांभाळणं जमत नसेल तर कासव तळ्यात किंवा नदीत सोडणं हा दयेचा मार्ग वाटतो, पण तसं नाही. हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे. ते देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. सोय असलेल्या माणसाकडे सोपवावं, पशुवैद्यांना विचारावं किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर सल्ला घ्यावा.

आणि अजून कासव आणलंच नसेल, तर आधी मुलांना सोबत बसवून टाकी, फिल्टर, दिवा आणि खाद्य यांचा खर्च कागदावर मांडावा. रोज पाणी-खाणं कोण पाहणार तेही ठरवावं. हिशेब जमला तरच दुकानाची पायरी चढावी.