विद्युत्-कोलाहल आणि त्याचा बंदोबस्त

इ. स. १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी तंजावरास आला, तेव्हा दुसऱ्या सरफोजी राजांच्या दिवाणखान्यात चित्रकलेचे साहित्य, वैद्यकाचे ग्रंथ आणि हस्तिदंती सांगाडा यांच्या सान्निध्यात हवा काढण्याचा पंप व विद्युत् उत्पन्न करण्याचे यंत्र त्याच्या दृष्टीस पडले, असे त्याच्या प्रवासवर्णनात नमूद आहे. घर्षणाने विद्युत् संचित करून ठिणगी पाडणारी असली यंत्रे त्या काळी ज्ञानाचे आणि करमणुकीचेही साधन होती. त्या ठिणगीबरोबर अदृश्य लहरी आसमंतात पसरतात, हे सिद्ध व्हावयास मात्र हाइन्‍रिख हर्ट्‌झच्या १८८७-८८ च्या प्रयोगांपर्यंत थांबावे लागले. आज त्याच तंजावराहून तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तुवाकुडीची औद्योगिक वसाहत लागते. भेलच्या बॉयलर-कारखान्याच्या आश्रयाने या टापूत वाढलेल्या पत्रे कापण्याच्या व जोडण्याच्या धंद्यात ज्याने संगणकाच्या हुकुमाने चालणारे सीएनसी यंत्र घेतले आहे, त्याला ठिणगीत करमणूक दिसण्याचे कारण उरलेले नाही.

या यंत्राचा कारभार दोन जातींच्या विजेवर चालतो. हत्यार पुढेमागे नेणाऱ्या मोटरींना शेकडो व्होल्टचा दाब लागतो; उलट मोटर किती फिरली याची वर्दी देणारा एन्कोडर आपले निरोप बहुधा पाच व्होल्टच्या नाजूक स्पंदांनी पाठवतो. एका फेऱ्यात १०,००० नोंदी देणारा एन्कोडर पाच मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूला जोडला, तर प्रत्येक नोंद अर्ध्या मायक्रॉनची होते. म्हणजे वाटेत घुसलेला एखादा खोटा स्पंद कोणाच्या खिजगणतीतही येणार नाही, परंतु असे हजार स्पंद एकाच दिशेने मोजले गेले, की काम अर्धा मिलिमीटर सरकते आणि कारागीर बिचारा हत्याराला दोष देत बसतो. स्पिंडलचेही तसेच. दहा व्होल्टला मिनिटास २४,००० फेरे, असा ज्याचा हिशेब आहे, त्याच्या हुकुमाच्या तारेत दहा मिलिव्होल्टची उपरी भर पडली, तर चोवीस फेऱ्यांचा फरक पडतो.

हा उपद्रव, म्हणजेच विद्युत्-कोलाहल, बाहेरून येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याचे मोठे उगमस्थान यंत्राच्याच विजेच्या कपाटात (पॅनेलमध्ये), कंट्रोलरपासून हातभर अंतरावर असते. ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये शिरला, की त्याचे सुमारे ५८५ व्होल्टच्या एकदिश दाबात रूपांतर होते, आणि आतील ट्रान्झिस्टर तो दाब सेकंदाला हजारो वेळा, प्रत्येक वेळी मायक्रोसेकंदाच्या अल्पांशात, तोडून-जोडून मोटरीकडे धाडतात. दाब जितक्या झटक्याने बदलतो, तितकी त्यातून उठणाऱ्या लहरींची कंप्रता उंच जाते. वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर सुटताना त्याच्या कॉइलमधील चुंबकक्षेत्र कोसळून दाबाचा असाच एक तडाखा बसतो; आणि प्लाझ्मा कटिंगच्या पुष्कळ यंत्रांत तर ज्योत पेटवण्यासाठी हजारो व्होल्टची उच्च-कंप्रतेची ठिणगी बुद्धिपुरस्सर पाडली जाते.

येथे अर्थिंगविषयीचा एक दृढमूल भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. कावेरीच्या खोऱ्यातील ओलसर गाळाची जमीन अर्थिंगला अनुकूल. तेव्हा यंत्र बिघडले, की नवा खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरण्याचा सल्ला हटकून मिळतो, खर्च होतो आणि कोलाहल तसाच राहतो. याचे कारण जमिनीत नसून तारेत आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे सात सहस्रांश ओहम, म्हणजे नाहीच म्हणावा इतका. परंतु त्याच सरळ तारेचे प्रेरकत्व सुमारे एक मायक्रोहेन्री असल्यामुळे, दहा मेगाहर्ट्‌झच्या लहरीला ती साठ ओहमांहून अधिक अडथळा करते. घरगुती पन्नास हर्ट्‌झला जो राजमार्ग, तो या लहरींना बंद दरवाजा ठरतो, आणि मग त्या शेजारच्या सिग्नलच्या तारांतून वाट काढतात. म्हणूनच जाणता पॅनेलवाला हिरव्या-पिवळ्या तारेच्या जोडीला रुंद, चपटी व आखूड तांब्याची वेणी वापरतो, पाठीमागचा पत्रा रंगवलेला न घेता जस्त चढवलेला घेतो, आणि ड्राइव्हचे धातूचे बूड त्या उघड्या पत्र्यावर सबंध टेकवतो.

राहिला प्रश्न मांडणीचा, आणि माझ्या मते सगळे मर्म तेथेच आहे. तवील आणि नादस्वरम् ही दणदणीत वाद्ये देवळाच्या मिरवणुकीत शोभतात. त्यांच्या मांडीला मांडी लावून फणसाच्या लाकडाची तंजावरी वीणा वाजवावयास कोणी बसत नाही. ड्राइव्ह, कॉन्टॅक्टर आणि मोटरींच्या केबली कपाटाच्या एका अंगास, तर कंट्रोलर व सिग्नलच्या तारा दुसऱ्या अंगास असाव्यात; दोहोंच्या डक्ट निराळ्या, मध्ये निदान वीतभर अंतर, आणि एकमेकींना ओलांडणे अपरिहार्यच झाले तर काटकोनात. पुरवठा आत येतो त्या तोंडाशीच लाइन फिल्टर बसवावा. त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा एकाच जुडग्यात बांधल्या, तर फिल्टरचे पैसे पाण्यात गेले असे समजावे. एन्कोडरसाठी पीळ दिलेली जोडतार घेतात. दोन्ही तारांवर परस्परविरुद्ध स्पंद जातात आणि पलीकडे त्यांची वजाबाकी होते, त्यामुळे दोहोंवर सारखाच चढलेला उपद्रव वजा होऊन जातो. मोटरीच्या शिल्डेड केबलची जाळी दोन्ही टोकांना, सभोवार कवळणाऱ्या क्लँपने, धातूला जोडावी. ती जाळी पिळून, शेंडी करून एका स्क्रूखाली दाबण्याची आमच्याकडची सार्वत्रिक पद्धत म्हणजे छत्री विकत घेऊन मिटलेली धरण्याचा प्रकार आहे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर, एसी असल्यास रोधक-धारित्राची जोडी आणि डीसी असल्यास उलटा डायोड लावणे हे तर इतके स्वस्त आहे, की ते न करण्याला सबब नाही.

सर्वांत घातक उपाय मात्र फुकटचा आहे, आणि म्हणूनच तो लोकप्रिय आहे. कोणी मेकॅनिक अर्थिंगची तारच सोडून टाकतो, यंत्र क्वचित शांतही होते, आणि मालक खूश होऊन त्याला बिदागी देतो. यंत्राच्या धातूच्या उघड्या भागांत वीज उतरली, तर माणसाचा जीव वाचवणारी वाट ती एकच असते. यंत्रांच्या विद्युत्-सुरक्षिततेचे आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक असे सर्व भाग संरक्षक अर्थिंगला जोडलेले असणे बंधनकारक ठरवते. तेव्हा नवे पॅनेल करवून घेणाऱ्या कारखानदारांना विनंती एवढीच, की एकही भोक पाडण्यापूर्वी पॅनेलवाल्याकडून कागदावर मांडणीचा नकाशा मागून घ्यावा, त्यात जोरकस आणि नाजूक तारांच्या वाटा निराळ्या दाखवल्या आहेत की नाहीत ते स्वतः पाहावे, आणि अर्थिंग तोडण्याचा सल्ला देणाऱ्याला यंत्राला हात लावू देऊ नये.