यंत्राकरवीं ॲपची परीक्षा

मोबाईलवरील ॲप लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक बटण दाबून पाहावें लागतें. तेंच काम शंभर वेळां करावयाचें म्हटलें म्हणजे माणसाचें लक्ष ढळतें; म्हणून तें संगणकाकडून करवून घेण्याची सोय झाली आहे. त्यासाठीं ‘ॲपियम’ हें साधन विनामूल्य मिळतें. डॅन क्वेलार यांनीं २०१२ सालीं लंडन येथील सेलेनियम परिषदेंत त्याचें मूळ रूप लोकांपुढें मांडलें. आमचा एक पुतण्या नुकताच ही विद्या शिकूं लागला, तेव्हां पूर्वतयारीचा सारा खटाटोप आम्हांस शेजारीं बसून पाहावयास मिळाला. आयफोनच्या परीक्षेस मॅक संगणक लागतो. तो प्रपंच आमच्या घरीं नसल्यामुळें येथें अँड्रॉइडपुरतेंच लिहितों.

संगणकाचें काम कंटाळवाणें, पण सरळ आहे. नोड.जेएस, जावाचें जेडीके व अँड्रॉइडचें एसडीके हीं प्रथम भरावयाचीं. मग एनपीएमकडून ॲपियम आणावयाचें. २०२३ सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून अँड्रॉइडचा ‘यूआयऑटोमेटर२’ हा ड्रायव्हर निराळा घ्यावा लागतो. जावा व एसडीके कोणत्या फोल्डरांत आहेत हें संगणकास ‘जावा_होम’ व ‘अँड्रॉइड_होम’ या नांवांनीं सांगून ठेवावें लागतें. नवशिके बहुधा येथेंच ठेचकाळतात. कारण टर्मिनलची जुनी खिडकी मिटून नवी उघडल्यावांचून ही नोंद तिला कळत नाहीं.

मोबाईलची तयारी मात्र मौजेची. सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळां बोट टेकलें कीं ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हें एरवीं झांकलेलें दालन उघडतें. सात प्रदक्षिणाच म्हणाना! तेथें ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करून तारेनें मोबाईल संगणकास जोडावा. आमच्या पुतण्याची पहिली संध्याकाळ या तारेपायींच वायां गेली. ती केवळ चार्जिंगची होती. वीज नेई, माहिती नेत नसे. तार बदलल्यावर ‘एडीबी डिव्हायसेस’ या आज्ञेस उत्तर आलें तें ‘अनऑथराइज्ड’ असें. कारण या संगणकास परवानगी द्यावयाची काय, हा प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर तिष्ठत होता.

या प्रश्नास होकार देण्यापूर्वीं थांबावें. एकदां परवानगी मिळाली कीं तो संगणक मोबाईलवर ॲप घालूं शकतो, काढूं शकतो, पडद्याचें चित्रही घेऊं शकतो. शिवाय ‘नोरीसेट’ ही सवलत मागितली नाहीं, तर ॲपियम परीक्षा घ्यावयाच्या ॲपमधील सांठलेली माहिती पुसून टाकतें. पुतण्यानें सरावाकरितां आईचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, मोबाईल मागून घेतला होता. आणि परीक्षेस निवडलें तें नोंदवहीचें ॲप! वहिनींनीं दोन वर्षें लिहिलेला दूध व किराण्याचा हिशेब एका क्षणांत नाहींसा झाला.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक जुना मोबाईल या कामास निराळा ठेवला आहे. त्यांत सिम नाहीं, बँकेचें ॲप नाहीं. ज्यांच्याजवळ असा मोबाईल नसेल त्यांनीं अँड्रॉइड स्टुडिओंतील एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील लटका मोबाईल, वापरावा. काम संपतांच डिबगिंग बंद करावें, व दिलेल्या परवानग्याही त्याच दालनांतून रद्द कराव्या.

दुधाचा हिशेब पुतण्यानें दूधवाल्याच्या वहीवरून पुन्हां उतरून दिला. किराण्याचा मात्र राहिला तो राहिलाच.