साडेचार व्होल्टचा आवाज

गिटारच्या फझ पेडलमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, एवढाच ऐवज. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस म्हणून काढलेलं हे सर्किट जिमी हेंड्रिक्सने जगभर पोचवलं. पहिला ट्रान्झिस्टर तारांचा क्षीण सिग्नल वाढवतो. दुसरा तो इतका ताणतो की लाटेचे माथेच छाटले जातात. ती जाड गुरगुर तिथे जन्मते.

आमच्या अंबाडीत मी हे पेडल बांधायला घेतलं तेव्हा किरकोळ माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र इथेच मिळाले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या फळीवर जुने संच पडून होते आणि त्यांच्या आउटपुटला भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२८ होते. पेडल बांधणारे जगभर जे शोधत फिरतात, ते इथे भंगाराच्या वाटेवर होतं! काकांनी एकेक मीटरवर तपासून, गळती कमी असलेले दोन बाजूला काढले. कमी गेनचा पहिल्या जागी, जास्तीचा दुसऱ्या. एसी १२८ पीएनपी, त्यामुळे बॅटरीचं अधिक टोक अर्थला. असं पेडल इतर पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर लावायचं नाही, शॉर्ट होतं.

गिटार जोडली, तर नुसती सुरसुर.

‘‘आधी व्होल्टेज बघ, मग सोल्डरिंगला हात लाव,’’ काका म्हणाले.

पहिल्याचा कलेक्टर ठीक होता. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट हवेत, म्हणजे बॅटरीच्या निम्मे. मीटर दाखवत होता जवळपास पूर्ण नऊ. कलेक्टरच्या रेझिस्टरमधून करंट वाहतच नव्हता. मग वाट तुटली असणार ती एमिटरकडून अर्थकडे जाणारी, म्हणजे १ के च्या फझ पॉटमधली. पॉटच्या अर्थच्या पायावर सोल्डर पसरलं नव्हतं. राखाडी गोळा होऊन वर बसलं होतं. ड्राय सोल्डर. पाय खरवडून पुन्हा तापवला आणि स्पीकर गर्जला.

पण जर्मेनियमला ऊन सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याची गळती साधारण दुप्पट होते. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी साडेचारचा आकडा सरकतो, सूर लांबण्याआधीच तुटतो. नंतरचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर या बाबतीत भरवशाचे, पण त्यांचा आवाज कानाला बोचतो. जर्मेनियमवर गिटारचा व्हॉल्यूम किंचित कमी केला की तीच गुरगुर निवळून स्वच्छ, जवळपास घंटेसारखी होते. त्यासाठी एवढा त्रास मी आनंदाने घेईन.

उन्हावरचा उपाय सोपा निघाला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या ८.२ के रेझिस्टरच्या जागी २० के चा प्रीसेट बसवला आणि डब्याला त्याच्यासमोर एक भोक पाडलं. वाजवण्याआधी मीटर लावायचा, बारीक स्क्रूड्रायव्हर आत घालायचा, आकडा साडेचारवर आणायचा.