चुलीतला 'चु' आणि खाऊन 'बघणं'

आपली आपण जपानी : लेखांक ५

'चूल' हा शब्द मोठ्याने म्हणा. मग 'चिंच' म्हणा. अक्षर एकच, पण पहिल्यात जीभ दातांकडे जाते आणि दुसऱ्यात टाळूकडे. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आता जपानी काना लिपीच्या तक्त्यातली 'त'ची ओळ बघा : ता, ची, त्सु, ते, तो. इंग्रजीतून शिकणाऱ्याची जीभ 'त्सु'पाशी अडखळते. तुमचा तो चुलीतला 'चु' आहे आणि 'ची' चिंचेतली. त्सुनामीचा उच्चार तुम्हाला जन्मापासून येतो.

'स'च्या ओळीतही तेच : सा, शी, सु, से, सो. मध्येच 'शी' कुठून आली? हिंदीत सींग, सीखना, सीना. मराठीत शिंग, शिकणं, शिवणं. 'इ'च्या शेजारी 'स'चा 'श' करायची खोड मराठी आणि जपानी दोन्ही भाषांना आहे. 'ज'चंही तसंच : जागा, जीभ, जुना, जोर हे चार शब्द म्हटले की त्या ओळीतले चार उच्चार जमले. 'ए' आला की मात्र जेवणातला 'जे' चालत नाही, तिथे जीभ दातांकडेच ठेवायची. आणि मागच्या वेळी ज्या सुट्या 'न'ने बऱ्याच जणांना छळलं, तो आपला अनुस्वार आहे. अंकातला वेगळा, आंब्यातला वेगळा. पुढचं अक्षर बघून बदलणारा. वर्तमानपत्राला जपानीत शिंबुन म्हणतात, ते असंच.

ही नाती नाहीत, दोन्ही भाषा एका कुळातल्या नाहीत. अपवाद तक्त्याच्या क्रमाचा. अ-इ-उ-ए-ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर नेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून बसवलेली आहे. च-वर्गाच्या जागी 'स', प-वर्गाच्या जागी 'ह'. पूर्वी त्या 'ह'चा उच्चार 'प' होता. म्हणून तर आजही 'हा'ला डोक्याशी बारीक गोल जोडला की 'पा' होतो.

व्याकरणात तर इंग्रजी पुस्तकं अकारण घाबरवतात. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे. 'तोक्यो नि' म्हणजे तोक्योला, 'तोक्यो नो' म्हणजे तोक्योचा-ची-चे. प्रश्न विचारायला वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा : 'आरिमासु का?' म्हणजे 'आहे का?' (हा निव्वळ योगायोग, पण फुकटचा योगायोग कोण सोडतं?) नामांना लिंग नाही, त्यामुळे 'ते टेबल की तो टेबल' हा वाद तिकडे नाही.

पण खरी मौज 'ते'-रूपात आहे. 'ताबेते' म्हणजे खाऊन. 'मिरु' म्हणजे बघणं. 'ताबेते मिरु' म्हणजे काय, हे इंग्रजी पुस्तक स्वतंत्र नियम करून सांगतं. मराठी माणूस म्हणतो, खाऊन बघणं, त्यात सांगायचं काय? 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं. 'कुरु' म्हणजे येणं. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. 'शिमाउ' म्हणजे आवरून ठेवणं, संपवणं. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं. शेवटचा लाडू कुणीतरी खाऊन टाकल्याची हळहळसुद्धा त्यात तशीच्या तशी आहे.

म्हणून माझं मत : पुस्तक 'मिन्ना नो निहोंगो'च घ्या, पण वहीत अर्थ मराठीत लिहा. या पुस्तकाचा मुख्य भाग अख्खा जपानीत असतो आणि भाषांतर-व्याकरणाची पुस्तिका वेगळी. ती लागेल तेव्हाच उघडायची. प्रारंभिक पातळीचे पन्नास धडे दोन भागांत आहेत. पैसे घालायचे नसतील तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' इंटरनेटवर ध्वनिफितींसह फुकट मिळतं. शब्द पाठ करायला 'आंकी' हे ॲप. नावाचा अर्थच पाठांतर. मात्र जपानी शब्द देवनागरीत उतरवू नका. मी इथे छपाईपायी तेच करतोय, तुम्ही करू नका. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या-काकू; त्यातला 'बा' एक मात्रा लांबवला की ती आजी होते. ही मात्रा देवनागरीत हमखास हरवते.

कान तयार करायला एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे छोटे धडे आहेत, हिंदीतूनही. दहाएक मिनिटांचा एक. आमच्या अंजूरफाट्याला गोदामांच्या ट्रकांमागे रिक्षा अडकली की माझे दोन तरी होतात.

आणि पुस्तकच नसेल तर? त्याचं उत्तर आमच्याच भागात सापडतं. आमच्या अंजूरजवळची खाडी पुढे वसईला समुद्राला मिळते. वसई म्हटली की इकडे आठवतात ते अंजूरचे गंगाजी नाईक आणि १७३९ची चिमाजी अप्पांची पोर्तुगिजांविरुद्धची मोहीम. पण त्याच्याही सुमारे एकशे ऐंशी वर्षं आधी, १५५६च्या सुमारास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. तिथे त्याने जपानी इतकी आत्मसात केली की पुढे मनिलाहून निघालेल्या फ्रान्सिस्कन वकिलातीने १५९३ साली त्याला दुभाषी म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर नेलं. जपानी-पोर्तुगीज शब्दकोश नागासाकीत छापला गेला तो १६०३ साली. म्हणजे गोन्सालो शिकला तेव्हा तो कोश नव्हता. कानांनी आणि माणसांत राहून शिकला. त्याच नागासाकीत १५९७ साली, ख्रिस्ती धर्मावर हिदेयोशीची गैरमर्जी झाल्यावर, पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ साली चर्चने त्याला संत ठरवलं. पोर्तुगीज जिथे गेले तिथे पावही गेला. आपला 'पाव' आणि जपानी 'पान' एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेत.

परीक्षेचं थोडक्यात. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरात. मुंबई आणि पुणे ही आपली केंद्रं. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. एन-५ला १८०पैकी ८० लागतात, शिवाय प्रत्येक विभागाचं वेगळं किमान. बोलण्याची परीक्षा त्यात नसते, त्यामुळे प्रमाणपत्र भिंतीवर आणि तोंडाला कुलूप अशी माणसं पुष्कळ भेटतात.

या आठवड्याचा गृहपाठ स्वयंपाकघरात. दिवसभरात घरात ऐकू येणारी 'करून बघ', 'आणून ठेव', 'देऊन टाक' अशी दहा वाक्यं टिपा आणि जपानीत करा. पुढच्या वेळी 'वा' आणि 'गा' हे जपानी प्रत्यय. तिथे मराठी फारशी मदतीला येत नाही.