आधी सावली, मग पाणी, शेवटी यंत्र
पांढुर्णा-सौंसर भागातील मोठ्या घरांच्या गारव्याचा विचार

छिंदवाड्याचे पठार सोडून दक्षिणेकडे घाट उतरू लागले की हवा बदलते, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसातशे मीटर उंच आहे. सौंसरला पोहोचेपर्यंत ही उंची निम्म्याच्या आसपास येते आणि उन्हाळा थेट नागपूरचा होतो. त्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जाम नदीच्या काठचे पांढुर्णे काहीसे उंचावर असले, तरी वैशाखातील उन्हाच्या बाबतीत त्यालाही विशेष सवलत मिळत नाही. हे दोन्ही तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. परंतु येथील बोली, येथील संत्र्याच्या बागा आणि येथील ऊन यांचे नाते विदर्भाशी जडलेले आहे ते कायमचेच.

या भागात मोठी घरे पुष्कळ. काही जुने वाडे आहेत, तर काही बागायतदारांनी आणि व्यापाऱ्यांनी अलीकडे बांधलेली दुमजली, तिमजली सिमेंटची घरे. फाल्गुन सरला की अशा घरांतून एकच प्रश्न निघतो : यंदा कुलरवर भागवावे, की वातानुकूलन यंत्र बसवावे? आणि जेथे जुने यंत्र आहे तेथे, ते दुरुस्त करावे की बदलावे? प्रश्न पैशाचा आहेच. पण तेवढाच नाही. घरातील म्हातारी माणसे, बाळंतीण आणि तान्ही मुले यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. म्हणून शेजाऱ्याने काय केले हे पाहून तो सोडविण्याऐवजी थोडे मुळापासून समजून घेणे हिताचे.

वाड्याचे शहाणपण

जुन्या वाड्याच्या जाड भिंती दिवसभराची उष्णता सावकाश शोषून घेत आणि ती आत उतरेपर्यंत सूर्य मावळलेला असे. कवेलूंचे छप्पर आणि खालची लाकडी पाटणी यांच्यामधला माळा धान्य साठविण्यास उपयोगी पडेच. शिवाय तेथील हवेचा थर उन्हाला अडवून धरी. मधला चौक रात्री गार होई आणि पहाटे तो गारवा माजघरात शिरे. दारे-खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या सोडून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल तर सर्वांच्या परिचयाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांनी याच ताट्यांना हाताने फिरवावयाचा मोठा पंखा जोडून खिडकीत बसवावयाचे यंत्र केले. आजच्या कुलरचा हा पूर्वजच म्हणावयाचा. आपल्याकडे कुलरच्या बाजूंना बसविलेल्या गवताच्या जाळ्यांना लोक अजूनही 'ताट्या'च म्हणतात, हे नाव उगीच टिकलेले नाही.

या ताट्यांमागचे शास्त्र साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते सभोवतालची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी उडून जाते तेव्हा विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता ते हवेतून काढते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक आणि गारवाही अधिक. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४३ अंश तापमान आणि हवेत अवघी १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असता चांगल्या कुलरमधून येणारी हवा २७ अंशांच्या आसपास असू शकते. तोच कुलर आषाढात, ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना, दोन-तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही. उलट घरात दमटपणा भरतो. कुलर बिघडला असे आपण म्हणतो, पण कुलर तोच असतो, बदललेली असते ती हवा.

यंत्राचा जन्म दुसऱ्याच कामासाठी

आता वातानुकूलन यंत्राकडे पाहू. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन अभियंत्याने त्याची पहिली आधुनिक योजना आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे-आकसे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. हवेतील ओलावा ताब्यात आणणे हे त्या यंत्राचे मुख्य काम होते. म्हणजे हे यंत्र हवा थंड करते तसेच तिला कोरडीही करते. मुंबईच्या किंवा गोव्याच्या घामट हवेत हा दुसरा गुण मोलाचा ठरतो. सौंसरच्या वैशाखात मात्र हवा आधीच इतकी कोरडी असते की त्या गुणाचे तेथे काही काम उरत नाही.

यावरून आपल्या भागापुरता एक क्रम लक्षात येतो. मार्चपासून मृगाच्या सरी येईपर्यंत घरातील बहुतेक खोल्यांना पाण्याचा गारवा पुरतो. यंत्राची खरी गरज भासते ती नवतप्यातल्या रात्रींना, आजारी किंवा वृद्ध माणसाच्या खोलीला आणि पावसाळ्यातील कोंदट दिवसांना. संपूर्ण घर यंत्राने थंड करण्याचा अट्टहास येथे क्वचितच शहाणपणाचा ठरतो. खर्चाचा ताळा सोपा आहे : साधारण मोठ्या कुलरला दोनशे वॉट वीज लागते, म्हणजे आठ तासांस दोन युनिटांहूनही कमी, दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालले तर तेवढ्याच वेळात बारा युनिटांच्या घरात जाते. पण कुलरला पाणी लागते. कडक उन्हात मोठा कुलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो, आणि ज्या दिवसांत तो सर्वांत गुणकारी, नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळ गाठतात व संत्र्याची झाडेही पाणी मागत असतात. म्हणून कुलरही खोलीगणिक न लावता, जेथे माणसे खरोखर बसतात-निजतात तेथेच लावावा.

येथे एक चूक वारंवार होताना दिसते. कुलर आणि वातानुकूलन यंत्र यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. कुलरला समोरची खिडकी उघडी हवी, कारण आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर वाफ होणेच थांबते. यंत्राला खोली बंद हवी. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी लावले, तर कुलर ओलावा भरतो आणि यंत्र तो काढण्यात वीज घालविते. चौकाभोवतीच्या वाड्यास कुलर शोभतो. फटी असलेल्या लाकडी पाटणीच्या खोलीत यंत्र बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. वाड्यात यंत्र बसवावयाचेच असेल, तर एकच लहान खोली निवडावी, तिचे छत आणि दारे-खिडक्यांच्या फटी नीट बंद कराव्यात.

छपराचा हिशेब आधी

नव्या सिमेंटच्या घरांचा शत्रू त्यांच्या डोक्यावरच असतो. उघडी काळपट गच्ची दिवसभर तापते आणि ती उष्णता काही तासांनी, म्हणजे नेमकी निजावयाच्या वेळी, खालच्या खोलीत उतरते. हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ अधिक माणसे मरण पावली, असे पुढे अभ्यासांती दिसून आले. त्याच शहरातील शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलविल्यानंतर उष्णतेने आजारी पडणाऱ्या नवजात अर्भकांची संख्या घटली. औषध नवे नव्हते, यंत्रही नवे नव्हते. फक्त तापलेले छत बाळांच्या डोक्यावरून दूर झाले. २०१३ साली अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याची जी शहरव्यापी योजना आखली, तिच्यामागे त्या मे महिन्याचा धडा होता. छपरे पांढरी करण्याची मोहीमही पुढे तेथे निघाली.

तेव्हा यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी गच्चीवर जावे. पांढऱ्या चुन्याचा किंवा उन्हास परतविणाऱ्या पांढऱ्या रंगाचा लेप, पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून सज्जा, चटई किंवा वेल, शक्य तेथे गच्चीवर मांडव : हा खर्च यंत्राच्या मानाने थोडा असून त्याला विजेचे बिल येत नाही. पडदा आतून लावण्यापेक्षा सावली बाहेरून करणे केव्हाही श्रेष्ठ, कारण काचेतून आत आलेले ऊन खोलीचेच झाले. संत्र्याच्या कोवळ्या कलमाला उन्हाळ्यात सावली करावयाची असते हे जाणणाऱ्या बागायतदाराला ही गोष्ट अधिक सांगावयास नको.

बसविताना आणि बदलताना

'टन' हा शब्द यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढण्याची ती शक्ती आहे. सुमारे साडेतीन किलोवॉट. जुने दोन टनांचे यंत्र होते म्हणून नवेही दोन टनांचेच घ्यावे, असा हट्ट धरू नये. छप्पर पांढरे केल्यावर आणि फटी बुजविल्यावर पुष्कळदा लहान यंत्र पुरते. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन थंड करून बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि पावसाळ्यात ओलावा काढावयास त्याला वेळच मिळत नाही.

बाहेरचे यंत्र सावलीत, परंतु मोकळ्या हवेत ठेवावे. बंदिस्त चौकात ठेवल्यास तेथील उष्णता कोंडते, यंत्राची शक्ती घटते आणि चौकाभोवतीच्या इतर खोल्या तापतात. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर त्याचा गरम झोत सोडणे हे तर उघड अनुचित होय. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर त्यांतील हवा व ओलावा निर्वात पंपाने पूर्णपणे काढल्याखेरीज वायू सोडू देऊ नये. घाईतला कारागीर ही पायरी टाळू पाहतो. मालकाने ती आग्रहाने करवून घ्यावी. विजेची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र खटका या यंत्राला हवाच.

जुन्या यंत्रांत बहुधा आर-२२ हा वायू असतो. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थरास त्याने इजा पोहोचते. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर असे वायू हटविले जात असून भारताने त्यासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे. आज पुष्कळ नव्या यंत्रांत आर-३२ वापरतात. त्याने ओझोनला धोका नाही. मात्र तो काही अंशी ज्वालाग्राही आहे आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. म्हणून जुन्या यंत्रात नवा वायू भरून देतो असे कोणी म्हणाल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा. जुने यंत्र काढताना त्यातील वायू हवेत सोडून न देता टाकीत उतरवून घेण्यास सांगावे. वायू दरवर्षी भरावा लागत असेल तर नळी कोठे तरी गळत आहे, असे समजावे. गळती न शोधता पुनःपुन्हा वायू भरणे हा निव्वळ अपव्यय आहे. पेटीवरील तारे वाचताना त्यांखालचे वर्षही वाचावे, कारण निकष काही वर्षांनी कडक होत जातात आणि जुने पाच तारे नव्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे नसतात. २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर असतात ती याचसाठी, की अंशा-अंशाने वीज वाचते. पंखा सोबत मंद लावल्यास २६ अंशही सुखाचे वाटतात.

गारव्यातील धोके

दर उन्हाळ्यात विदर्भात आणि आसपास कुलरच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या वार्ता येतात. त्यांत मुलेही असतात. लोखंडी टाकी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि जमिनीशी न जोडलेली तार, असा तो योग असतो. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिनही काढावी. तीन पिनांची जोडणी व खरे अर्थिंग असल्याची खात्री वीजतंत्र्याकडून करून घ्यावी आणि गळणारा प्रवाह क्षणात तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा खटका बसवावा. टाकीचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून टाकी घासावी, नाही तर डेंग्यूच्या डासांचे ते माहेरघर होते.

शेवटी, वाचकहो, गारवा बसविला म्हणजे तो घरात सर्वांना मिळाला असे होत नाही. मोठ्या घरात यंत्र बहुधा कर्त्या पुरुषाच्या किंवा नव्या जोडप्याच्या खोलीत लागते. आजी मात्र गच्चीखालच्या खोलीत पंख्याखाली पडून असते आणि सून भर दुपारी चुलीपुढे घाम गाळते. हवा चाळीस अंशांपलीकडे तापली की नुसता पंखा म्हाताऱ्या शरीराला थंडावा देत नाही. गरम हवाच अंगावर फेकतो. म्हातारपणी तहानही नीट कळत नाही. म्हणून घरात एकच गार खोली करावयाची असेल, तर ती तळमजल्यावर असावी आणि दुपारी बारा ते चार ती सर्वांची असावी : आजीची, बाळाची, स्वयंपाक उरकून आलेल्या सुनेची आणि कामावर येणाऱ्या बाईचीही. कोणी बरळू लागले, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली, तर कांदा हुंगवीत बसू नये. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्वरित दवाखाना गाठावा.

यंदा यंत्र घ्यावयाचे असो वा नसो, होळीनंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी घरातील मंडळींनी मिळून गच्चीला चुना द्यावा, कुलरची तार तपासून घ्यावी आणि आजीची खाट कोणत्या खोलीत हलवावयाची ते ठरवावे. दुकानाचा विचार त्यानंतर.