नाव घालून मिळेल

भांड्यांच्या दुकानात डबा किंवा ताट घेतलं की पैसे देण्याआधी ठरलेला प्रश्न यायचा, ‘नाव काय घालू?’ दुकानदार विजेवर थरथरणारं पेन उचलायचा आणि देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, लग्नाची तारीख टिंबाटिंबांनी उमटवून द्यायचा. मराठी घरातली निम्मी नाती आजही फडताळातल्या स्टीलवर वाचता येतात. त्या कारागिराकडे साचा नव्हता. प्रत्येक नग वेगळा आणि प्रत्येकाला तेवढेच कष्ट. छापखान्याचं गणित याच्या नेमकं उलट असतं. तिथे ब्लॉक किंवा डाय करावा लागतो, म्हणून पहिला नग महाग पडतो आणि तो खर्च पुढच्या हजार नगांवर वाटला जातो.

टेबलावर मावणारा छंदाचा लेझर एनग्रेव्हर त्या भांड्यांवरच्या नावाच्या घराण्यातला आहे. त्यालाही साचा लागत नाही. पहिल्या पाटीला जेवढा वेळ, तेवढाच शंभराव्या पाटीला. म्हणून कारखान्याला जे परवडत नाही, म्हणजे एकाच माणसाचं एकच नाव, ते घरच्या घरी परवडतं. पण शंभर नगांची ऑर्डर आली तरी कष्ट कमी होत नाहीत, हीदेखील त्याच नाण्याची दुसरी बाजू. हे यंत्र घेऊन धंदा मांडू पाहणाऱ्याने बाकी सगळं शिकण्याआधी एवढं मनाशी पक्कं करावं.

बारामती ते बेल लॅब्ज

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात मालिबू इथल्या ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. कापायला आणि कोरायला जो लेझर पुढे जगभर वापरला गेला, तो कार्बन डायऑक्साइड लेझर मात्र १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी घडवला. पटेलांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. साइनबोर्डवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये अॅक्रिलिक कापणारी जी मोठी पेटीबंद यंत्रं दिसतात, त्यांतल्या काचेच्या नळीत पटेलांचाच लेझर असतो.

घरगुती यंत्रांची वाट निराळी आहे. अर्धवाहकापासूनचे लेझर १९६२ पासून होते, पण निळा प्रकाश देणारा लेझर डायोड १९९०च्या दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी साधला. पुढे प्रोजेक्टरमध्ये निळे डायोड मोठ्या संख्येने बसू लागले, तसे ते स्वस्त झाले. २००९ साली सिमेन स्वाले स्कॉक्सरुड या नॉर्वेच्या प्रोग्रामरने जीआरबीएल नावाची आज्ञावली लिहिली. आर्डुइनोसारख्या साध्या बोर्डवरून मोटारी अचूक हलवणारी ही आज्ञावली सर्वांना मोफत खुली होती. स्वस्त डायोड आणि फुकट आज्ञावली यांची गाठ पडली, आणि चिनी कंपन्यांनी हे यंत्र चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीत आणून ठेवलं.

चौकट, पट्टे आणि एक ठिपका

यंत्र दिसायला अगदी किरकोळ. अॅल्युमिनियमची चौकट, दातेरी पट्टे, दोन दिशांना फिरणाऱ्या स्टेपर मोटारी आणि मधोमध सरकणारं लेझरचं डोकं. त्यातला सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा किरण भिंगातून मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढ्या ठिपक्यावर गोळा होतो. लहानपणी उन्हात भिंग धरून कागद जाळलेला असतो, तोच हा प्रकार; फक्त इथे ऊन कायम आणि हात थरथरत नाही.

खरेदी करताना वॉटचा आकडा नीट वाचावा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कधी कधी यंत्र ओढत असलेल्या विजेचा असतो; कामाचा आकडा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा. पाच वॉट कोरायला पुरतात. तीन मिलिमीटरचा प्लाय बऱ्या वेगात कापायचा तर दहा वॉट हवेत. एका डायोडची ताकद पाच-सहा वॉटच्या आसपास थांबते, म्हणून मोठ्या यंत्रात दोन किंवा चार डायोडांचे किरण एकत्र आणलेले असतात.

काय कोरावं, काय नाही

लाकूड, एमडीएफ, पुठ्ठा, खरं चामडं, पाटीचा दगड, रंगाचा थर दिलेली स्टीलची बाटली या सगळ्यांवर निळा किरण चांगला उमटतो. पारदर्शक अॅक्रिलिकमधून मात्र तो काचेतून ऊन जावं तसा पार होतो. काळं अॅक्रिलिक त्याला शोषून घेतं आणि कापलं जातं. साध्या स्टीलवर ताकदीच्या यंत्राने काळपट खूण उठवता येते, पण खोदकाम होत नाही. पितळ-तांब्यासाठी फायबर लेझर लागतो, तो वेगळ्या किमतीचा संसार आहे.

पीव्हीसीला हात लावू नये. रेग्झिन, व्हिनाइल, पीव्हीसी फोमशीट जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतात. तो फुप्फुसं जाळतो आणि यंत्राचं लोखंडही गंजवतो. ‘लेदर’ म्हणून आलेल्या तुकड्यात पीव्हीसी आहे का हे ठरवायची जुनी युक्ती अशी: तांब्याची तार तापवून त्या तुकड्याला लावायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तुकडा परत करायचा.

प्लायचं गणितही दिसतं तेवढं सोपं नाही. पाण्यात टिकणाऱ्या प्लायमधला फिनॉलिक गोंद किरणाला दाद देत नाही. वरचा थर कापला जातो आणि खालचा चिकटून राहतो. पावसाळ्यात प्लाय बाक धरतो, मग मधला भाग फोकसमध्ये आणि कडा बाहेर. माल वजनाखाली सपाट ठेवणं आणि प्रत्येक नव्या शीटच्या कोपऱ्यावर वेग आणि ताकद बदलत छोट्या चौकटींचा नमुना काढून पाहणं, हा रोजचा रियाज. कोणता माल, कोणत्या दुकानाचा, किती वेग, किती टक्के ताकद हे लिहिलेली वही वर्षभरात यंत्राहून मौल्यवान होते.

सुरक्षेत काटकसर चालत नाही. उघड्या चौकटीचा लेझर चौथ्या वर्गातला, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गातला असतो. परावर्तित किरणही डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा, बंद पेटी, धूर खिडकीबाहेर नेणारा पंखा आणि हाताशी अग्निशामक, एवढं जमल्यावरच पहिलं बटण दाबावं. काम चालू असताना खोली सोडायची नाही. एमडीएफच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतं, तेव्हा पंख्याचं तोंड वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीकडे नाही ना, हेही बघावं. सोसायटीतला धंदा बहुधा याच मुद्द्यावर अडतो.

शिरोरेषेची कृपा

यंत्रासोबत येणारे नमुने रोमन लिपीतले असतात. लाकडातून नाव कापून काढायचं तर तिथे अक्षरं सुटी होतात आणि त्यांना जोडायला खालून पट्टी द्यावी लागते. देवनागरीत शिरोरेषा ते काम आपसूक करते. ‘मनोज’ कापलं की अखंड एक तुकडा हातात येतो, भिंतीवर लावायला तयार. पण ‘संगीता’वरचा अनुस्वार गळून पडतो, त्याला बारीक दांडी देऊन खाली जोडावं लागतं. ‘माधव’ तर हमखास फसवतो. ध वर शिरोरेषा तुटलेली असते, त्यामुळे मा एकीकडे आणि धव दुसरीकडे. रांगोळीचा छाप करायचा असेल तर उलटी अडचण येते. तिथे अक्षर कापून काढलं की व आणि ब यांच्या पोटातला तुकडाही निसटतो, म्हणून पोटाला पूल ठेवावे लागतात. ही नजर बाजारातल्या तयार फाइलींत मिळत नाही. मराठी गिऱ्हाइकाला मराठी अक्षर नीट देणारा माणूस इथेच वेगळा ठरतो.

फॉण्ट निवडताना परवाना पाहावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉण्ट खुल्या परवान्याचे असल्याने धंद्यात बिनधास्त वापरता येतात. जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून मजकूर इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये टंकून त्याच्या रेषा करून घ्याव्यात आणि मगच लाइटबर्न किंवा लेझरजीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये न्याव्यात. आणि कोरण्याआधी नमुना गिऱ्हाइकाला पाठवून लेखी होकार घ्यावा. ‘आशिर्वाद’ बंगल्याची पाटी ऱ्हस्व शि सकट लाकडात गेली की ती खोडरबराने पुसता येत नाही.

वेळ विकायचा आहे

वीज इथे नगण्य. पंखा आणि हवेचा पंप धरून दहा वॉटचं यंत्र शंभर वॉटच्या आसपास ओढतं, म्हणजे दहा तासांना एक युनिट. खरा खर्च वेळेचा. दहा सेंटीमीटर चौरस फोटो कोरायचा आहे असं धरा. ओळींतलं अंतर मिलिमीटरचा दहावा हिस्सा ठेवलं तर हजार ओळी होतात आणि डोकं शंभर मीटर धावतं. मिनिटाला तीन मीटर वेगाने ते तेहतीस मिनिटं झाली, दोन्ही टोकांना वळण्याचा वेळ निराळा. तेवढ्याच आकाराच्या नावाची नुसती बाह्यरेषा दोन मीटर भरते आणि एका मिनिटात उरकते. भरीव अक्षराऐवजी रेषेचं अक्षर निवडणं ही सौंदर्याची निवड आहे, तशीच दराचीही. मध्येच वीज गेली तर यंत्र आपली जागा विसरतं आणि तासाभराचा नग वाया जातो. लोडशेडिंगच्या गावात छोटा यूपीएस यंत्रासोबतच घ्यावा.

आता एका पाटीचा हिशोब. यंत्राचा सव्वा तास, डिझाइन आणि व्हॉट्सअॅपवरच्या दुरुस्त्यांचा पाऊण तास, घासणं-पॉलिश-पॅकिंगचा एक तास. तासाला दीडशे रुपये धरले तरी मजुरी साडेचारशे होते. त्यावर माल, बिघडणारे नग आणि यंत्राची झीज. नवखे लोक फक्त लाकडाची किंमत दुप्पट करून दर सांगतात आणि सहा महिन्यांत थकतात.

मागणीला ऋतू आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण, स्नेहसंमेलनांची सन्मानचिन्हं, लग्नसराई आणि मुंजीच्या भेटी, गणपतीचं मखर. महाराष्ट्रात २०१८च्या थर्माकोलबंदीनंतर मखरासाठी पुठ्ठा आणि एमडीएफ पुढे आले, त्यात छोट्या लेझरलाही जागा आहे. फक्त क्रिकेट संघांची बोधचिन्हं आणि कार्टूनमधली पात्रं विकायच्या मोहात पडू नये. ती दुसऱ्याच्या मालकीची आहेत.

कागदपत्रं थोडी आहेत. जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. गिऱ्हाइकाच्याच वस्तूवर नाव कोरून दिलं तर ती सेवा ठरते आणि मर्यादा २० लाखांची होते. माल परराज्यात पाठवायचा असेल तर नियम बदलतात, तेव्हा आधी सल्लागाराला विचारावं.

या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, ‘ताई, एकच तर नाव घालायचंय, त्याचे एवढे?’ त्याचं उत्तर यंत्राच्या स्वभावातच आहे. एका नगाला फाइल पूर्ण बनवावी लागते, फोकस पूर्ण लावावा लागतो, कोपऱ्यावरची चाचणीही पूर्ण काढावी लागते. म्हणून किमान दर ठरवावा, तो दरपत्रकाच्या पहिल्या ओळीत छापावा आणि सवलत फक्त एकाच फाइलच्या अनेक नगांवर द्यावी, तीही डिझाइनच्या मजुरीपुरती. शंभर वेगवेगळी नावं म्हणजे शंभर कामं, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत हसत हसत सांगता आलं की धंदा सुरू झाला म्हणायचा.